डॉक्टर, संप आणि विहाराची वर्गणी वही



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि समितीच्या पहिल्याच बैठकीत एका फोटोवरून भांडण झालं. हा विहार उभा करण्यात मुंबईकर गिरणी कामगारांचा वाटा फार मोठा. तेव्हा त्यांच्या पानावर डॉ. दत्ता सामंत यांचा फोटो टाकावा, अशी सूचना एका ज्येष्ठ उपासकाने मांडली. त्यावर दुसरे तितकेच ज्येष्ठ उपासक ताडकन उठले. म्हणाले, "ज्या माणसानं आमच्या चुली विझवल्या त्याचा फोटो विहाराच्या पुस्तकात? मग माझं नाव काढा त्यातून." दोघेही आता ऐंशीच्या घरातले. दोघेही १८ जानेवारी १९८२ रोजी एकाच गिरणीच्या गेटातून बाहेर पडलेले. आणि दोघेही पुन्हा आत कधी गेले नाहीत.

समितीने हा विषय माझ्या गळ्यात घातला. तू गिरणीतला, तुला वाचायचा नाद आहे, तूच लिही म्हणाले. माझं शाळेतलं शिक्षण नववीपर्यंत. बाकीचं जे काही आहे ते रातपाळीनंतर झोप येत नसे तेव्हा केलेलं वाचन आणि मोर्च्यात चालताना ऐकलेलं. संपाच्या वेळी मी सहावीत होतो. नंतर मीही एका सरकारी गिरणीत बदली म्हणून लागलो आणि २०२० च्या टाळेबंदीत ती थांबेपर्यंत तिथेच राहिलो. म्हणजे संप मी मुलगा म्हणून पाहिला आणि त्याचे परिणाम कामगार म्हणून भोगले. तेव्हा पूर्ण तटस्थ आहे असा दावा मी करत नाही.

आधी डॉक्टर कोण ते नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९३२ चा, मालवणजवळच्या देवबागचा. मुंबईत डॉक्टरकी शिकले आणि घाटकोपरला दवाखाना टाकला. तिथे येणारे पेशंट खाणीत दगड फोडणारे. त्यांना औषध देऊन भागेना, कारण आजाराचं मूळ पोटात होतं आणि पोटाचं मूळ मजुरीत होतं. म्हणून त्यांची युनियन बांधली. तिथून कारखान्यांत गेले. काँग्रेसचे आमदार झाले, तरी आणीबाणीत काँग्रेसच्याच सरकारने त्यांना तुरुंगात टाकलं. बाहेर आले ते आणखी मोठे होऊन. इंजिनियरिंग आणि केमिकल कारखान्यांत त्यांनी अशा पगारवाढी मिळवून दिल्या की गिरणीवाला आपला पगार दुसऱ्याला सांगायला लाजू लागला.

१९८१ च्या दिवाळीला बोनसवरून गिरण्यांत असंतोष पेटला. कामगार घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले. डॉक्टर आधी तयार नव्हते, असं त्या वेळचे कामगार आजही सांगतात. म्हणजे त्यांनी गिरण्यांत घुसखोरी केली असं जे म्हणतात ते खरं नाही. आपण त्यांना बोलावून आणलं. त्याला आधीचंही कारण होतं. १९७४ साली कॉम्रेड डांग्यांच्या युनियनचा संप ४२ दिवसांनी मिटला आणि पदरात पडलं ते फार थोडं. तेव्हापासून गिरणगावात 'तडजोड' हा शब्द शिवीसारखा झाला होता. कामगारांना न वाकणारा माणूस पाहिजे होता. तो मिळाला. तो वाकला नाही म्हणून आपण त्याला दोष देतो, तेव्हा ही गोष्टही लक्षात ठेवली पाहिजे.

आता धोरण बघू. मागण्या काय होत्या? पगारवाढ, घरभाडं, रजा, बदली कामगारांना कायम करणं आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणं. शेवटची मागणी लोकांना रुक्ष वाटते, पण सगळा संप तिच्यावर उभा होता. त्या कायद्याने एका उद्योगात एकच युनियन 'प्रातिनिधिक'. शेकडा २५ कामगार सभासद दाखवले की ती सगळ्यांच्या वतीने बोलणार आणि तिची सही सगळ्यांवर बंधनकारक. बाकीच्या पंचाहत्तरांनी दुसरा पुढारी निवडला तरी मालकाने त्याच्याशी बोलण्याचं कारण नाही. ते पंचवीस तरी मनापासून आहेत का, हे चिठ्ठ्या टाकून कुणी बघत नव्हतं. पावत्यांवरून ठरायचं. मुंबईच्या गिरण्यांत हे स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं आणि अडीच लाख कामगार रस्त्यावर उतरले तरी ते कायद्याने त्याच्याकडेच राहिलं.

इथे आपल्या लोकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. या कायद्याचा बाप म्हणजे १९३८ चा औद्योगिक कलह कायदा. त्याला मुंबई विधिमंडळात कडाडून विरोध कुणी केला? बाबासाहेबांनी. त्यांचं म्हणणं असं, की संप हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबायला लावणं आणि ती गुलामगिरीच. नुसतं बोलून थांबले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला आणि बाबासाहेब स्वतः त्यात उतरले. ज्या डांग्यांशी त्यांचं पटत नव्हतं त्यांच्याबरोबर. म्हणजे ४४ वर्षांनी दत्ता सामंत ज्या भिंतीला धडक देत होते तिच्या पायाशी आपला बाप आधी लढून गेला होता.

पण हेच बाबासाहेब १९२९ च्या गिरणी संपाच्या विरोधात उभे राहिले होते. त्यांचं म्हणणं तेव्हाही साधं होतं. विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळ होई. जास्त पगाराचं खातं तेच. हा अन्याय पुढाऱ्यांना दिसत नसेल तर आमच्या माणसांनी उपाशी राहून त्यांच्या संपाला का जावं, असा त्यांनी आधीच्या १९२८ च्या संपातच सवाल टाकला होता. तर एका संपाला विरोध आणि दुसऱ्याचं नेतृत्व. पुढारी आवडतो की नाही हे माप नव्हतं. मागणी काय, किंमत कोण देणार आणि फळ कुणाच्या ताटात पडणार, हे माप होतं.

तेच माप सामंतांना लावू. मागण्या रास्त होत्या. बदली कामगार म्हणजे काय हे ज्याने भोगलंय त्याला पटवून द्यायला नको. रोज सकाळी कार्ड घेऊन गेटावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर माघारी. आमचे दादा, म्हणजे वडील, नऊ वर्षं रिंग खात्यात बदली होते. नऊ वर्षं! मालक म्हणत होते गिरण्या जुन्या झाल्यात, परवडत नाही. जुन्या कुणी होऊ दिल्या? चांगल्या वर्षांचा नफा यंत्रांत घातला असता तर ती वेळ आली नसती. डॉक्टर म्हणत ताळेबंद मला दाखवू नका, माणसाला जगायला किती लागतं ते बघा. याला अर्थशास्त्री हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. एकच गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली असं मला वाटतं. गिरणीचं कापड भिवंडीच्या यंत्रमागावर निघू शकत होतं आणि मालकांच्या गोदामात माल पडून होता. मोटार कारखाना बंद पडला की मालकाचा जीव जातो. इथे उलट गिरणी बंद असणं काही मालकांच्या सोयीचं होतं. शिवाय दिल्लीलाही भीती होती, की हा माणूस इथे जिंकला तर उद्या गोदी आणि परवा बंदर याच्या हातात जाईल. महाराष्ट्रात तर संपाच्याच आठवड्यात मुख्यमंत्री बदलले, अंतुले गेले आणि बाबासाहेब भोसले आले. ज्याच्याकडे जायचं त्याच्याच हातात काही नव्हतं.

आता माणूस. डॉक्टर विकले गेले नाहीत. हे त्यांचे शत्रूही मान्य करतात आणि आपल्या अनुभवात असे पुढारी किती आले ते प्रत्येकाने आपल्या बोटांवर मोजावं. भाषण रांगडं, गोड बोलणं माहीत नाही. पण ताप आलेल्या कामगाराची नाडी बघणारा हात तोच आणि व्यासपीठावर उगारलेला हातही तोच. सभेला आलेल्याला जात विचारली जात नसे, हे दादा फार अभिमानाने सांगायचे. दुसरी बाजू अशी, की त्यांच्या संपांत मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडलं, हे खोटं नाही. आणि सगळा कारभार एका माणसाभोवती. दुसरी फळी नाही. गिरणीनिहाय समित्या होत्या, पण शेवटचा शब्द डॉक्टरांचा. डॉक्टर काय म्हणतात, एवढंच चाळीत विचारलं जाई. आपण काय म्हणतो, हे कुणी विचारत नसे.

चाळीतून गावाकडे येतो, कारण संप मुंबईत पुकारला तरी तो झेलला जुन्नर-आंबेगावने. मार्चपासून एस. ट्या भरून माणसं परत येऊ लागली. कोणी माळशेज घाटाने, कोणी पुण्याहून नारायणगाव, मंचरला. आम्ही नायगावच्या खोलीला कुलूप लावून आलो. मला आठवतं, आळेफाट्याला उतरलो तेव्हा एस. टी. च्या टपावरून नुसत्या वळकट्या आणि पत्र्याच्या पेट्या उतरत होत्या, जणू सगळी चाळच वरून खाली येत होती.

गावात आल्यावर एक फरक उघडा पडला. ज्याला जमीन होती तो संपात शेतकरी झाला. ज्याला नव्हती तो मजूर झाला. आमची जुन्या वतनाची दीड एकर खडकाळ जमीन, तीही पाच भावांत. दादा कधी रोजगार हमीच्या खडीवर, कधी कुकडी प्रकल्पाच्या कालव्याच्या कामावर, आणि पावसाळ्यानंतर सातगाव पठारावर बटाटे काढायला. त्या बटाट्याच्या शेताचा मालक कोण? दादांच्याच गिरणीतला, त्यांच्याच पाळीचा कामगार. गिरणीत दोघे एका मशीनवर, एका रांगेत चहा प्यायचे. शेतात दादांना पाणी वरून ओतून मिळालं. मी तिथेच उभा होतो. त्या माणसाचा दुष्टपणा नव्हता. त्यानेच दोन पायल्या बाजरी व्याज न लावता दिली, हेही लिहिलं पाहिजे. पण युनियनच्या सभेत जी जात विचारली जात नव्हती ती गावाला पाठ होती. संप सगळ्यांचा एक आणि त्याची किंमत वेगवेगळी, हे मी त्या बांधावर शिकलो. १९२८ सालचा बाबासाहेबांचा सवाल मला पुस्तकात नंतर भेटला.

माझी ताई आठवीत होती. संपात तिची शाळा सुटली ती सुटलीच. मी धाकटा आणि मुलगा म्हणून माझी आणखी दोन-तीन वर्षं चालली. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, घरातलं एक खाणारं तोंड कमी म्हणून. तिला वाचनाचा माझ्याहून जास्त नाद होता. हे वाक्य ती वाचेल तेव्हा मला रागवेल, पण राहू देतो.

दादा शेवटपर्यंत डॉक्टरांच्या विरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसत. "डॉक्टरांनी आम्हाला विकलं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई शाळेत गेलेली नव्हती. ती एकदा चुलीपुढून म्हणाली, "विकलं नाही हे खरं. पण विचारलं तरी होतं का?" दादा गप्प झाले. मला वाटतं, तो प्रश्न डॉक्टरांना होता तसाच दादांनाही होता. संपावर जायचं का, गावाला यायचं का, ताईचं लग्न लावायचं का, यातलं काहीच तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या एका प्रश्नावर मी पुढे कितीतरी वर्षं विचार केला आणि आज माझं मत असं आहे. ज्या कायद्याविरुद्ध संप होता त्याचं पाप काय? कामगाराला न विचारता त्याच्या नावाने सही करायची. आणि संपाचं दुबळेपण काय? तेच. सहा महिन्यांनी, वर्षाने, गिरणी गिरणीत गुप्त मतदान घेऊन विचारता आलं असतं, की बाबांनो, थांबायचं की लढायचं? डॉक्टरांनी ते घेतलं नाही. भरगच्च सभेत हात वर करवून घेणं हे मतदान नव्हे. शेजारी बघत असताना 'मला जमत नाही' असं कोण म्हणेल? म्हणून संप मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. तो आजही कागदावर चालू आहे, असं गिरणगावात कडवट थट्टेने म्हणतात. लोक एकेक करून, तोंड लपवून कामावर गेले. लाखाच्या आसपास गेलेच नाहीत, किंवा त्यांना घेतलंच नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. हरणं समजू शकतं. हरलो हे एकत्र बसून ठरवण्याचीही सोय नसावी, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आपल्याला हे सुचायला विलायतेला जायची गरज नव्हती. भिक्खू संघात मतभेद झाला की सलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेत आणि गुप्त मताचीही रीत विनयात सांगितली आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात संघाच्या या मतदानाची आठवण मुद्दाम करून दिली होती. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावं आहेत. कष्टकऱ्यांच्या संघटना दोन हजार वर्षांपूर्वी इथे दगडात कोरलेल्या आहेत आणि आपण पर्यटकांना त्या लेण्यांतले नुसते खांब दाखवतो.

आणखी एक योगायोग. १८ जानेवारी ही रानड्यांची जन्मतारीख. १९४३ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी पुण्यात रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर व्याख्यान दिलं. मोठा माणूस कशाने ओळखावा, हाच त्याचा विषय. विभूतिपूजा दोन प्रकारची, असं त्यांनी त्यात सांगितलं. एकीत आपण मोठेपणाचा आदर करतो. दुसरीत आपली बुद्धीच त्याच्या पायावर ठेवतो. पुढे ३९ वर्षांनी त्याच तारखेला आमचे बापजादे गिरणीबाहेर पडले आणि त्यांच्यातल्या पुष्कळांनी दुसरा प्रकार केला. आता उलट्या बाजूने बघा. जे आज डॉक्टरांना शिव्या देतात तेही तेच करतात. सगळं त्या एका माणसाने केलं, असं म्हटलं की मालक सुटले, सरकार सुटलं, कायदा सुटला आणि आपणही सुटलो.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९८४ च्या डिसेंबरात सगळा देश काँग्रेसच्या लाटेत असताना गिरणगावाने संप बुडालेल्या याच माणसाला अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. ज्यांचं नुकसान झालं त्यांनीच मत दिलं, आणि या वेळी ते गुप्त मतदान होतं. हे मला डॉक्टरांच्या विरोधकांना दाखवायचं असतं. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईला त्यांच्यावर गोळ्या घातल्या. त्या खटल्यात छोटा राजन २०२३ साली निर्दोष सुटला. गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं? १९९१ च्या नियमाने तिसरा हिस्सा पालिकेला आणि तिसरा हिस्सा म्हाडाला मिळायचा होता. २००१ साली तो नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ते ग्राह्य धरलं. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघायला २०१२ उजाडलं. दीड लाखाच्या वर अर्ज आणि घरं काही हजार. आता शेलू आणि वांगणीला जा म्हणतात. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी अर्जदारांचे फॉर्म आता त्यांच्या विधवा सांभाळतात.

मग माझा निकाल काय, असं समितीवाले विचारतील. मागण्यांच्या बाजूने मी पूर्ण आहे. आजही तो मसुदा समोर ठेवा, मी सही करीन. माणसाच्या सचोटीपुढे मी मान झुकवतो. पण त्यांच्या कारभाराच्या रीतीला मी माफ करू शकत नाही, कारण तिची किंमत ज्यांनी दिली त्यांना सभेत बोलायला जागाच नव्हती. बाया, बिनजमिनीचे, बदलीवाले. ही तीन मापं एका पारड्यात घालून बेरीज येत नाही. मी करून पाहिली.

या लेखासाठी मी विहाराची जुनी वर्गणी वही काढून बघितली. १९८१ च्या डिसेंबरला मुंबईकरांची ४४ नावं आहेत. कुणाचे पाच, कुणाचे दहा. फेब्रुवारी १९८२ पासून त्या वेळच्या खजिनदारांनी प्रत्येक पानावर महिना आणि साल नीट आखून लिहिलंय आणि खाली पान कोरं. अशी बत्तीस पानं आहेत. पायाच्या दगडांवर तेवढा काळ गवत वाढलं होतं. ऑक्टोबर १९८४, विजयादशमीच्या पानावर पुन्हा सात नावं येतात. दादांचे दोन रुपये आहेत. फोटोला पाठिंबा देणाऱ्यांचे तीन. विरोध करणाऱ्यांचे पाच, सर्वांत जास्त.

फोटोचं अजून ठरलेलं नाही. हा मजकूर छापखान्यात जाण्याआधीच्या रविवारी वंदना झाल्यावर चिठ्ठ्या टाकून निर्णय होईल. उपासिकांनीही चिठ्ठ्या टाकायच्या आहेत, हे मी समितीकडून लिहून घेतलं आहे. माझी चिठ्ठी कुठल्या बाजूची ते मतदान गुप्त असल्यामुळे इथे लिहीत नाही.